आवळणीचा पीळ आणि पकडीचे बल

काँक्रीटच्या तळावर यंत्र किंवा लोखंडी खांबाची बैठक बसवावयाची असता भोक पाडून त्यात प्रसरणी बोल्ट घालतात व वरचा नट पान्याने आवळतात. किती पीळ, म्हणजे टॉर्क, द्यावयाचा याचा आकडा बोल्टाबरोबर दिलेला असतो. तो पान्यावर उमटला की काम पुरे झाले असे सामान्यतः मानले जाते. मराठीतील ‘आवळणे’ हे क्रियापदही या समजुतीस पोषकच आहे. नट फिरविण्याची क्रिया आणि तीतून निष्पन्न होणारी पकड या दोहोंचा निर्देश ते एकाच शब्दाने करते. वस्तुतः या भिन्न राशी होत. पहिली पान्यावर मोजता येते. दुसरी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती सहसा कोणी मोजीत नाही.

दोहोंचा संबंध व्यवहारात एका सोप्या सूत्राने सांगतात : पीळ म्हणजे पकडीचे बल, बोल्टाचा व्यास आणि एक गुणांक यांचा गुणाकार. कोरड्या पोलादाकरिता हा गुणांक सुमारे ०.२ धरतात. १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टास ६० न्यूटन-मीटर पीळ दिल्यास या हिशेबाने २५ किलोन्यूटन बल येते. घर्षण मुळीच नसते, तर १.७५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर तेवढ्याच पिळाने सुमारे २१५ किलोन्यूटन बल निर्माण झाले असते. म्हणजे पिळाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग नटाच्या बुडाशी व आट्यांत घर्षणापायीच खर्ची पडतो. बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो उरलेला दशांश. अशा उरल्यासुरल्या अंशावर घर्षणातील लहानशा फरकाचाही मोठा परिणाम व्हावा, हे ओघानेच आले. आट्यांना तेल लागून गुणांक ०.१५ झाला, तर पान्यावरील त्याच आकड्यास ३३ किलोन्यूटन बल मिळते. आटे गंजून किंवा त्यांत भुकटी शिरून तो ०.३ झाला, तर १७ किलोन्यूटनही पुरते मिळत नाही. पान्यास यातले काहीच कळत नाही.

काँक्रीटमध्ये याखेरीज दुसरी एक अडचण आहे. नट आवळताना बोल्टाच्या टोकाचा शंकू वर ओढला जातो, भोवतालच्या पोलादी कड्यास फाकवितो, आणि ते कडे भोकाच्या भिंतीवर रेटते. तेथील चिंचोळ्या जागेवरचा दाब फार मोठा असतो, व सतत दाबाखाली काँक्रीट हळूहळू दबत जाते. त्यामुळे आवळल्या क्षणापासूनच पकड उतरू लागते, आरंभी झपाट्याने व मग मंदपणे, आणि कालांतराने मूळच्या ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास येते. फिरून आवळल्यास काही भरपाई होते. ती कायमची नव्हे.

मग पिळाचा आकडा निरर्थक का? तसे नाही. भोक मोठे पडले असेल तर शंकू नुसताच वर सरकतो, नट फिरत राहतो आणि पीळ चढत नाही. बोल्ट नीट बसला की नाही, हे सांगणारी ती खूण आहे. शिवाय नेहमीच्या भाराखाली बैठक हलू न देण्यास उरलेली पकड उपयोगी पडते. परंतु बोल्टासह काँक्रीटचा शंकू उखडण्यास किती ओढ लागेल, हे तिच्यावर अवलंबून नसते. ती शक्ती बोल्टाच्या खोलीच्या दीड घाताने वाढते : खोली ६० वरून ८० मिलिमीटर केली, तर सुमारे दीडपट. पान्यावर जोर करण्यापेक्षा भोक खोल पाडणे अधिक फलदायी, असे म्हणावयास हरकत नाही.

बसवितेवेळची परीक्षा आणि पुढील वर्षांतली धारणा यांतील अंतर इतर प्रकारच्या बोल्टांतही आढळते. अमेरिकेतील बोस्टन येथे १० जुलै २००६ रोजी एका रस्त्याच्या बोगद्यातील छताच्या काँक्रीटच्या फळ्या खालच्या मोटारीवर कोसळल्या व तीतील एक स्त्री मृत्यू पावली. तेथील बोल्ट पिळाने नव्हे, इपॉक्सीच्या लेपाने भोकांत चिकटविलेले होते आणि बसवितेवेळी ओढून तपासलेले होते. त्या थोड्या वेळाच्या ओढीस लेप टिकला. फळ्यांच्या अखंड भाराखाली मात्र तो वर्षानुवर्षे ताणत गेला, आणि बोल्ट भोकांतून इंचाइंचाने बाहेर येत राहिले.