क्षयरोगप्रतिबंधक लस, सुधारित

क्षयरोगप्रतिबंधक लस, सुधारित : बी. सी. जी. लशीपेक्षा अधिक खात्रीचे व टिकाऊ संरक्षण, विशेषतः प्रौढांच्या फुप्फुसक्षयापासून, मिळावे या हेतूने तयार करण्यात येत असलेल्या लशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सु. १ कोटी ८ लक्ष लोकांना क्षयरोग झाला व सु. १२·५ लक्ष लोक मृत्यू पावले. रोग्यांपैकी सु. २६% भारतातील होते.

बी. सी. जी. लस : फ्रान्समधील लील येथे आल्बेअर काल्मेत (१८६३–१९३३) व कामीय गेरँ (१८७२–१९६१) यांनी गुरांना क्षय करणारा जंतू पित्त व ग्लिसरीनयुक्त बटाट्याच्या माध्यमावर १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा संवर्धित केला. त्यामुळे त्याची रोगकारकता नाहीशी झाली. ही लस १९२१ मध्ये पॅरिस येथे एका अर्भकास प्रथम तोंडावाटे दिली गेली. जर्मनीतील ल्यूबेक येथे १९३० मध्ये प्रयोगशाळेत लशीत रोगकारक जंतू मिसळले गेल्याने सत्तरांहून अधिक अर्भके दगावली. तथापि दोष मूळ लशीचा नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले.

अर्भकांना मेंदूच्या आवरणांचा क्षय व सर्व शरीरभर पसरणारा क्षय यांपासून ही लस चांगले संरक्षण देते. फुप्फुसक्षयाबाबतचे अनुभव मात्र परस्परविरोधी आहेत. ब्रिटनमध्ये १९५० पासून किशोरवयीनांवर केलेल्या चाचणीत सु. ८०% संरक्षण आढळले. उलट तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ मध्ये सु. २,६०,००० लोकांवर सुरू केलेल्या चाचणीत साडेसात वर्षांच्या निरीक्षणानंतर प्रौढांत काहीच संरक्षण दिसले नाही. उष्ण प्रदेशांतील माती व पाणी यांत आढळणाऱ्या क्षयजंतूसदृश जंतूंच्या संपर्कामुळे लशीचा परिणाम झाकला जातो, अशी एक उपपत्ती आहे. रोगाचा फैलाव प्रामुख्याने खोकणाऱ्या प्रौढ रोग्यांकडून होत असल्याने केवळ बालकांच्या संरक्षणाने संसर्गाची साखळी तुटत नाही.

संशोधनातील अडचणी : क्षयजंतू ज्या भक्षिकोशिकांनी त्याचा नाश करावयाचा त्यांच्यातच वास्तव्य करतो. रक्तातील प्रतिपिंडांपेक्षा कोशिकाजन्य प्रतिरक्षेवर येथे अधिक भर असतो. तसेच संसर्ग झालेल्यांपैकी फक्त सु. ५ ते १०% लोक आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे, लस दिलेली व्यक्ती सुरक्षित झाली की नाही, हे सांगणारी रक्तचाचणी उपलब्ध नाही. त्यामुळे हजारो निरोगी लोकांना लस देऊन त्यांपैकी किती आजारी पडतात, याची कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. अप्रत्यक्ष पुरावा फसवा ठरू शकतो. उदा., दक्षिण आफ्रिकेत ९९० किशोरवयीनांवरील चाचणीत बी. सी. जी. पुन्हा टोचल्याने टिकून राहणारा संसर्ग ४५% कमी झाल्याचे २०१८ मध्ये दिसले. परंतु अधिक मोठ्या चाचणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हा लाभ आढळला नाही. एम. व्ही. ए. ८५ ए. ही पूरक लसही २,७९७ अर्भकांवरील चाचणीत निष्प्रभ ठरली (२०१३).

प्रमुख लशी : (१) बी. सी. जी. जंतूत जननिक बदल करून तयार केलेल्या. व्ही. पी. एम. १००२ ही लस जर्मनीत विकसित झाली असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती उत्पादित केली आहे. भारतात रोग्यांच्या घरातील माणसांवर तिची चाचणी २०१९ मध्ये सुरू झाली. (२) मानवी क्षयजंतूच क्षीण करून तयार केलेल्या. स्पेनमध्ये विकसित झालेल्या एम. टी. बी. व्ही. ए. सी. लशीसाठी रोगकारकतेशी संबंधित दोन जीन काढून टाकले आहेत. (३) निवडक प्रथिनांच्या. एम. ७२ लशीत क्षयजंतूच्या दोन प्रथिनांचा संयोग व प्रतिरक्षावर्धक द्रव्य असते. केन्या, दक्षिण आफ्रिका व झँबिया येथील संसर्गित प्रौढांवरील चाचणीत तीन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी १३ जणांना, तर न घेतलेल्यांपैकी २६ जणांना फुप्फुसक्षय झाला. म्हणजे संरक्षण सु. ५०% ठरले (२०१९). तीन हजारांहून अधिक लोकांतील रोग्यांची ही संख्या अल्प असल्याने २०२४ मध्ये सु. २०,००० लोकांची चाचणी हाती घेण्यात आली.

अशी लस सिद्ध झाली, तरी अर्भकांना बी. सी. जी. देणे लगेच थांबविता येणार नाही; दोहोंची उद्दिष्टे भिन्न आहेत. पहिली बालकाचे प्राण वाचविते, तर दुसरीकडून प्रौढांतील रोग व त्यामुळे होणारा प्रसार रोखण्याची अपेक्षा आहे.