यंत्राची बुद्धी आणि वैद्याची युक्ती

सांप्रत कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला सर्वत्र आहे. रुग्ण आपली लक्षणे भ्रमणध्वनीवर विचारून मगच दवाखान्याची पायरी चढतो. औषधांची माहितीपत्रके व अनुपानाच्या सूचनाही या साधनाकडून लिहून घेता येतात. यंत्राचे उत्तर बरोबर की चूक, याची चर्चा पुष्कळ होते. परंतु ते उत्तर यंत्राने कशाच्या आधारे काढले, हे मनुष्याला कितपत कळू शकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वैद्यकाच्या दृष्टीने आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

नियम कोणी लिहिला?

पूर्वीच्या संगणक-प्रणालींत प्रत्येक नियम मनुष्य लिहीत असे. चूक झाली तर नेमकी ओळ शोधता येई. आजच्या यंत्राचे तसे नाही. त्याच्यापुढे असंख्य उदाहरणे ठेवली जातात आणि उत्तर चुकेल तसे त्याच्या आतील अंक थोडे थोडे बदलले जातात. मोठ्या यंत्रांत असे अब्जावधी अंक असतात. त्यांतील प्रत्येक अंक वाचता येतो. परंतु सर्व मिळून कोणता विचार करतात, हे निर्मात्यांनाही पूर्णपणे सांगता येत नाही.

दम्याचे उदाहरण

याचा धोका अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासावरून ध्यानात येतो. १९९०च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणास मृत्यूचा धोका अधिक, हे संगणकाला शिकविण्यात आले. तपासलेल्या पद्धतींत जिचे अनुमान सर्वांत अचूक ठरले, तिचे अंतरंग वाचता येत नव्हते. त्याच माहितीवर शिकलेल्या दुसऱ्या, वाचता येणाऱ्या पद्धतीत मात्र एक विलक्षण नियम आढळला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियात धोका कमी! कारण उघड होते. अशा रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात दाखल केले जाई व तातडीच्या उपचारांमुळे ते वाचत. यंत्राला परिणाम दिसला, हेतू दिसला नाही. या नियमावर विसंबून दम्याच्या रुग्णास घरी धाडले असते, तर अनर्थ ओढवला असता. म्हणून ती अचूक पद्धत रुग्णांसाठी वापरली गेली नाही. तिच्यात आणखी काय दडले आहे, हे कोणास कळणार? पुढे २०१५ साली रिच कारुआना व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक घटकाचा परिणाम डोळ्यांना दिसेल अशी पद्धतही जवळजवळ तितकीच अचूक असू शकते.

यंत्रालाच विचारले तर?

'कारण यंत्रालाच विचारावे' असे कोणी सुचवील. मार्च २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी आपल्याच भाषायंत्राच्या आत डोकावून पाहिले. ३६ व ५९ यांची बेरीज करताना यंत्र एका वाटेने उत्तराचा अंदाज बांधीत होते व दुसऱ्या वाटेने शेवटचा अंक नेमका काढीत होते. रीत विचारली असता त्याने शाळेत शिकवतात तशी हातच्याची बेरीज सांगितली! उत्तर बरोबर होते, स्पष्टीकरण मात्र वास्तवाशी जुळणारे नव्हते. यंत्राचे अंतरंग काही अंशी वाचता येते, ही यातील आशेची बाजू. परंतु हे ज्ञान अद्याप बाल्यावस्थेत आहे.

'प्रभाव' आणि अज्ञान

येथे वाचक म्हणतील, आपल्या शास्त्रातही 'प्रभाव' आहेच. चित्रक व दंती दोन्ही रसाने कटू, विपाकाने कटू, वीर्याने उष्ण. तरी दंती विरेचन करते, चित्रक करीत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात यास प्रभाव म्हटले आहे. आक्षेप योग्य आहे. पण भेदही ध्यानी घ्यावा. रस, वीर्य, विपाक यांचा विचार संपल्यावरच प्रभावाचे नाव घेतले जाते आणि ते कर्म पुनःपुन्हा प्रत्यक्ष पाहिलेले असते. जेथे कारण कळत नाही, ती सीमा आचार्यांनी आखून दिली. यंत्राच्या उत्तरात ही सीमा आपोआप आखलेली नसते. ती आपणच आखावयाची आहे.

वैद्यांचे व औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

यंत्राने दिलेले ग्रंथवचन मूळ संहितेत पडताळल्याखेरीज स्वीकारू नये. वत्सनाभ, भल्लातक अशा द्रव्यांच्या कल्पांची मात्रा व शोधनविधी जाणत्या वैद्याने तपासल्याविना माहितीपत्रकात छापू नये. नाडीपरीक्षणाचे यंत्र विकावयास कोणी आला, तर ते कोणत्या रुग्णांवर शिकले, कशावरून निर्णय देते व कोठे चुकते, हे आधी विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास अचूकतेच्या आकड्यांना भुलू नये.

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चारही परीक्षा आपल्याला परंपरेने लाभल्या आहेत. यंत्र साहाय्यक म्हणून अवश्य वापरावे. त्यास आप्ताचे आसन देण्यापूर्वी मात्र या चारही परीक्षा त्यालाही लावाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.