दुबईचं घर विकताना

दुबईत २००२ पासून ठरावीक भागांत परदेशी माणसाला मालकीहक्कानं घर घेता येऊ लागलं. आपल्या मंडळींनीही हौसेनं घेतली. पण २०१४ नंतर भाव उतरत गेले. नवी बांधकामं इतकी झाली, की मागणी-पुरवठ्याचा मेळ घालायला सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारनं उच्च समिती नेमली. नेमकं त्याच वर्षी आम्हाला स्पोर्ट्स सिटीतला फ्लॅट विकायचा होता.

आठ महिने लोक येत, बाल्कनीत उभे राहत, "कळवतो" म्हणून जात. बिल्डर कोरे फ्लॅट हप्त्यांनी देत असताना आमचा वापरलेला कोण घेणार? घर रिकामं असलं तरी सर्व्हिस चार्ज चालूच. तो थकला तर बिल्डरची एनओसी नाही, आणि एनओसीशिवाय घर दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

"भाड्यानं देऊन टाका ना," असं पुण्याहून घरचे सांगत. पण विक्रीसाठी भाडेकरूला उठवायचं, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टानं १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. राहायला घर हवं असलेलं गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. उरतात ते गुंतवणूकदार, आणि ते पाडून मागतात.

खरी अडचण व्हिसाची. नोकरी संपली की परतीची तारीख ठरते. समोरच्याला ती कळली, की भाव आणखी खाली. शेवटी आम्ही खरेदीपेक्षा कमी किमतीत व्यवहार उरकला. परतायचा विचार पक्का झाला असेल, तर नोकरी चालू असतानाच घर विकायला काढा. घासाघीस करायला वेळ हाताशी लागतो.