इंजिन बदललं आणि चेक लाइट लागली? सेन्सर विकण्याआधी वायर तपासा

गॅरेज किंवा ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचा विचार असेल, तर आजचा विषय थेट तुमच्या गल्ल्याचा आहे.

माझं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाईकाने डिझेल गाडीत सेकंड हँड इंजिन बसवून घेतलेलं. गाडी कधी एका सेल्फमध्ये चालू, तर कधी नुसतीच फिरायची. स्कॅनरवर कोड आला पी-०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. मी क्रँक सेन्सर बदलला. फरक नाही. कॅम सेन्सर बदलला. तरी तेच! शेवटी सापडलं काय? इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी लावायचीच राहिली होती. बसवलेले सेन्सर कोण परत घेतं? ते पैसे माझ्याच अंगावर बसले.

तेव्हा एक धडा पक्का झाला. कोड पार्ट सांगत नाही, सर्किट सांगतो. आणि सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर, अर्थिंग असं सगळं मिळून. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे.

१) आधी अर्थिंग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना रीडिंग अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं, तर अर्थिंग कच्चं आहे.

२) मग ५ व्होल्ट. चावी ऑन करून सेन्सरचा कपलर काढा. तीन वायरच्या सेन्सरला बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट येतात. ही लाइन बऱ्याचदा अनेक सेन्सरना सामाईक असते. एक सेन्सर शॉर्ट झाला किंवा वायर ब्रॅकेटखाली दबली, की बाकीचे पण गप्प. व्होल्ट येत नसतील तर एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, चोर त्याच फांदीवर.

३) मग जोडी जुळते का बघा. जुन्या इंजिनचा क्रँक सेन्सर दोन वायरचा आणि नव्याचा तीन वायरचा असेल, तर वायर जोडून काम होणार नाही. गाडीच्या वायरिंगला जुळणाराच सेन्सर लागतो, आणि तो त्या इंजिनवर बसायला पण हवा.

४) टेम्परेचर सेन्सर. चावी बंद, कपलर काढून ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला अडीच हजारच्या आसपास आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास येतात. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात थंड इंजिन पण चाळिशीत असतं, तेव्हा अकराशे-बाराशे दिसले तर सेन्सर खराब समजू नका.

आता धंद्याचं बोलू. तपासणीचे पैसे वेगळे सांगा, आणि आधीच सांगा. नाहीतर मजुरी काढायला पार्ट विकायची सवय लागते, आणि नायगावसारख्या गावात एक नाराज गिऱ्हाईक दहा जणांना सांगतं. इंजिन काढण्याआधी प्रत्येक कपलरचा फोटो काढा, टेपवर नंबर टाका. दहा मिनिटांचं काम दोन दिवस वाचवतं.

आणि एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर लागते. गिऱ्हाईकाला नांदेडच्या आरटीओत आधीच चौकशी करायला सांगा.

मल्टिमीटर सेन्सरपेक्षा स्वस्त आहे, मित्रांनो. आधी तो घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!