सावलीतला पक्षी, उन्हातलं अंगण

नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूला पावसाळ्यात छत्री उघडायचीही सोय नसते. तिथून पूर्वेला निघून जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा मागे टाकत आणे पठारावर पोचलं की तालुका तोच, जुन्नर, पण वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. शेजारच्या आंबेगावातही हीच तऱ्हा. एका टोकाला भीमाशंकर आणि आहुपे, दुसऱ्या टोकाला लोणी-धामणी. वाळवंट म्हणायला वर्षाचा पाऊस साधारण 250 मिलिमीटरच्या आत लागतो, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात हा भाग त्या रकान्यात बसत नाही. पण होळीपासून मृगापर्यंत टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर सात-आठ कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईला त्या रकान्याशी काय देणंघेणं?

कोंबडी मुळात उन्हातली नव्हेच. तिचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातल्या झाडोऱ्यात राहणारा तांबडा रानकोंबडा. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडलेली, इसवी सनपूर्व 1650 ते 1250 या काळातली हाडं हा पाळीव कोंबडीचा आजवरचा सर्वांत जुना भक्कम पुरावा, असं 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं आहे. भातशेती आली, सांडलेले दाणे टिपायला रानकोंबडे जंगलातून बांधावर उतरले आणि तिथेच रमले, असा त्या संशोधकांचा कयास. आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. भीमाशंकरच्या जंगलात पहाटे आरवणारा करडा रानकोंबडा ही वेगळी जात. पण बहुतेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते या करड्या रानकोंबड्याकडून आलं आहे, हे 2008 साली उघड झालं. दोन्ही पूर्वज सावलीतले. त्यांच्या वंशजाला आपण बोडक्या अंगणात आणून सोडलं.

एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या गावरान कोंबडीकडे नीट बघावं. बाभळीखाली किंवा बैलगाडीच्या सावलीत ती बसलेली असते. चोच अर्धी उघडी, पंख अंगापासून थोडे सुटलेले, गळ्याखालची कातडी भराभर थरथरत असते. पंखांखाली पिसं विरळ असतात, तिथून उष्णता बाहेर पडते. तुरा आणि गलोल यांत रक्ताचा पुरवठा वाढतो आणि वाऱ्याची झुळूक लागली की ते रक्त थोडं निवतं. मधूनच ती उठते, भिंतीच्या कडेची माती पायाने उकरते आणि आतल्या गार थराला पोट लावून पुन्हा बसते. कोंबडीला घाम येत नाही, कारण तिला घर्मग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा 38-39 अंशांवर गेली की अंगातली उष्णता हवेत सोडायला फारसा वाव उरत नाही. मग एकच उपाय उरतो, धापा टाकायच्या आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ करून उडवायचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 580 कॅलरी उष्णता निघून जाते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस असणारे श्वास दीडशे-दोनशेच्या वर जातात ते याच हिशेबाने.

हा हिशेब हवेतल्या दमटपणावर अवलंबून आहे, आणि इथे कोरडा मुलूख कोंबडीच्या बाजूने उभा राहतो. आणे पठारावरच्या रखरखीत हवेत वाफ पटकन होते, म्हणून 39 अंशांतही गावरान कोंबडी तग धरते. कोकणात 34 अंशांनीच तिचा जीव मेटाकुटीला येऊ शकतो. पूर्व पट्ट्यातले खरे वाईट दिवस मे महिन्याच्या शेवटी येतात. वळवाचे ढग जमतात, वारा पडतो, हवा ओली होते आणि धापा वाया जातात. ब्रॉयलरच्या शेडमध्ये पक्षी मरतात ते बहुधा अशाच दिवशी. सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर वाढवलेल्या त्या पक्ष्याचं मांस फार आणि उष्णता सोडायला पृष्ठभाग कमी. दीड किलोच्या आतली चपळ गावरान कोंबडी त्याच दिवशी पांदीत किडे वेचत असते. अर्थात त्यासाठी पाणी लागतं. उन्हाळ्यात कोंबडीची तहान दुपटीच्या पुढे जाते, आणि अंगणातल्या पत्र्याच्या थाळीतलं पाणी अकरा वाजताच इतकं तापतं की ती चोच लावून मागे सरते. मातीचं परळ सावलीत ठेवलं तर तेच पाणी ती गपागप पिते.

धापांची किंमत अंड्याला मोजावी लागते. अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते घडायला वीसेक तास लागतात. त्यातला कार्बोनेट रक्तातल्या विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. सतत धापा टाकल्या की हा वायू भराभर बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचाला माल कमी पडतो. म्हणून वैशाखातली अंडी पातळ कवचाची, हात लागताच चिरणारी असतात. नुसता चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा चुरा टाकून हे पूर्ण सुधारत नाही, कारण भूक मेलेली कोंबडी खातच कमी. दाणे पहाटे आणि दिवस मावळताना टाकले तर थोडा फरक पडतो. पचनाचीही उष्णता असते, ती भर दुपारी अंगावर येऊ द्यायची नाही.

निसर्गाने काढलेल्या दोन तोडी गावोगाव दिसतात, आणि दोन्ही दिसायला कुरूप. एक म्हणजे उघड्या मानेची कोंबडी. तिच्या मानेवर पिसं येत नाहीत आणि अंगावरचीही विरळ होतात. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं असलं तर पिसं 40 टक्क्यांच्या आसपास कमी असतात. 2011 साली त्याचं कोडं उलगडलं: पिसं उगवू न देणारा एक प्रथिन-संदेश या पक्ष्यांच्या कातडीत जास्त तयार होतो आणि मानेची कातडी त्याला जास्त संवेदनशील असते. दुसरी उलट्या पिसांची. तिची पिसं बाहेर वळलेली असल्याने अंगाजवळ गरम हवेचा थर साठत नाही. या कोंबड्याला आपल्याकडे भगताच्या उताऱ्यात मान, म्हणजे बिचाऱ्याच्या नशिबी सुरीच. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मात्र या दोन्ही गुणांचे देशी पक्षी घेऊन उष्ण भागासाठी संकर तयार केले.

कोंबडी उन्हाळा काढते. तिचा वंश मात्र टोपलीत अडकतो. अंड्यातला गर्भ साधारण 20-21 अंशांच्या खाली निजून राहतो आणि 37.5 अंशांच्या आसपास नीट वाढतो. मधल्या तापमानात तो अर्धवट जागा होतो. पत्र्याच्या घरात मे महिन्यात 35 अंशांत आठवडाभर जमवलेल्या अंड्यांत हेच घडतं. वाढ सुरू होते, रेंगाळते आणि गर्भ मरतो. मग खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली तरी चार-पाचच पिल्लं निघतात आणि दोष कोंबडीला लागतो. बॅटरीच्या उजेडात अंडं धरलं तर सातव्या-आठव्या दिवशी खरं कळतं. जिवंत गर्भाभोवती तांबड्या शिरांचं जाळं दिसतं, मेलेल्यात रक्ताची एकच कडी उरते. यावर घरगुती उपाय आहे. रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूवर टोपली ठेवायची आणि चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला घ्यायचं नाही. कोरड्या हवेत आणखी एक भानगड होते. एकवीस दिवसांत अंड्याच्या वजनातून बारा-चौदा टक्के पाणी उडायला हवं. त्याहून जास्त उडालं तर आतलं पातळ कातडं चिवट होऊन पिल्लाला चिकटतं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपडणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वैशाखात कोंबडी बसवूच नये, हा त्यांचा दुसरा नियमही तितकाच पक्का.

रात्रीचा प्रश्न जुन्नर-आंबेगावसारख्या भागांचा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याचं पाणी कालव्यांतून खाली आलं, विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने उभे राहिले आणि वर्षभर उभ्या असणाऱ्या उसात बिबट्याने घर केलं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, यातच सगळं आलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनातून दिसलं की, या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. शेजारच्या अकोले तालुक्यात त्यांच्या गटाने बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाद्याच्या वजनात 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात कुत्री सर्वांत पुढे होती. कोंबडी ही बिबट्याच्या लेखी किरकोळ खाऊ. पण तिला झाडावर बसू देण्याचे दिवस गेले. आता तिला पत्र्याच्या बंद खुराड्यात कोंडतात, आणि दिवसभर तापलेलं ते खुराडं रात्री नऊपर्यंत चुलीवरच्या तव्यासारखं धगधगतं. दिवसाच्या उन्हातून वाचलेली कोंबडी संध्याकाळी सातला मरते, ती अशी. फट ठेवावी तर मुंगूस शिरतं. षटकोनी छिद्रांची नेहमीची जाळी बिबट्याच्या पंजापुढे टिकत नाही. जाड तारेची वेल्डिंगची जाळी, वर पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर आणि खुराडं जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेलं, एवढं केलं तर वारा खेळतो आणि दातही लागत नाहीत. उसाने आणलेल्या जनावराला उसाच्याच पाचटाने पुरून उरायचं, एवढाच काय तो काव्यगत न्याय.

आणि तरीही सगळ्यात जास्त कोंबड्या ना ऊन मारतं ना बिबट्या. मारते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. कुमाऊँच्या राणीखेतवरून भारतात या रोगाला नाव पडलं, ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस. गावात मर येते ती बहुधा उन्हाळ्यात, आणि त्यात जत्रांचा हात असावा असं माझं मत आहे. चैत्र-वैशाखात कोंबडा पिशवीतून या गावचा त्या गावी जातो. घरात दोन पक्षी झुलायला लागले की उरलेले घाईने बाजारात जातात, आणि त्यांच्याबरोबर विषाणूही. यावर लस आहे, स्वस्त आहे. राज्याची ती तयार करणारी संस्था पुण्यात औंधलाच आहे, म्हणजे आळेफाट्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. पण लासोटा ही जिवंत विषाणूची लस. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, आणि बाटली बहुधा शंभर डोसांची येते. एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवायची. आठ कोंबड्या असलेल्या घराने उरलेल्या ब्याण्णव थेंबांचं काय करायचं? एप्रिलमध्ये एसटीतून पिशवीत आणलेल्या बाटलीत जिवंत किती उरलं, हाही प्रश्नच. थेंब पडतो, माणूस निर्धास्त होतो आणि पंधरा दिवसांनी कोंबडी मान वाकडी करून गोल फिरते.

ऑस्ट्रेलियात ‘आय-2’ नावाची उष्णता सोसणारी लस तयार झाली. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावच्या कोंबड्यांना ती डोळ्यात थेंब टाकून दिली जाते. आपल्याकडे योजनांमधून गिरिराज, वनराजची पिल्लं वाटायला पैसा निघतो. शंभराऐवजी वीस डोसांची बाटली भरायला तेवढा खर्च येऊ नये. तोवर वस्तीवर करता येण्याजोगं काम एकच आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये एक बाटली आणायची, आदल्या रात्रीच दहा-बारा घरच्या कोंबड्या डालग्यात झाकून ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत, सकाळी आठपर्यंत, शंभराचे शंभर थेंब संपवायचे.