कुत्र्यांचे खेळ आणि कुत्र्यांचे स्वभाव

दोन कुत्री एकमेकांच्या अंगावर धावून जातात, एक दुसऱ्याची मानगूट पकडते, गुरगुर चालू होते आणि लगेच कोणीतरी हातात दगड घेतो. विद्यार्थी मित्रांनो, असा प्रसंग तुम्ही पाहिला असेलच. पुढच्या वेळी थोडे थांबा. मानगूट सुटल्यावर खालचे कुत्रे पळून न जाता पुन्हा समोर येऊन उभे राहिले, तर हे भांडण कसले?

खेळाला बोलावण्याची कुत्र्यांची एक ठरलेली खूण आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून छाती खाली घ्यायची आणि मागचा भाग वरच ठेवायचा. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कायोट यांच्या खेळाची निरीक्षणे १९९५ साली प्रसिद्ध केली. मान झटकत चावा घेणे ही खरे तर भक्ष्य मारण्याची क्रिया. खेळात असा चावा घेण्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ही खूण पुष्कळदा केली जाते, असे त्यांना आढळले. जणू, ‘हा चावा खेळातला बरं का!’

पण सगळी कुत्री सारखी खेळत नाहीत. का बरे?

स्वीडनमध्ये कुत्र्यांची एक मजेदार परीक्षा घेतात. त्यांच्यासमोर चिंधी फेकून ओढाओढीला बोलावतात, लोखंडी साखळीचा खडखडाट करतात, पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन ‘भुते’ही पुढे येतात! १६४ जातींच्या १५,३२९ कुत्र्यांचे निकाल तपासून स्वार्टबर्ग आणि फोर्कमन यांनी २००२ साली स्वभावाचे पाच पैलू सांगितले : खेळकरपणा, धीट कुतूहल, पाठलागाची ओढ, माणसाळूपणा आणि आक्रमकता. पाठलागाची ओढ असलेल्याला पळता चेंडू हवा. धीट कुत्रा सरळ झोंबाझोंबीवर येतो. बुजरा आधी लांबून अंदाज घेतो. त्याला घाई केली की तो खेळातून उठतोच.

‘अमुक जात तापट, तमुक जात खेळकर’ असे आपण सहज म्हणतो. मात्र अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीमुळे समजावता आले. तेव्हा जातीवरून स्वभाव ठरवणे फारसे कामाचे नाही. समोरचा कुत्राच पाहावा लागतो.

धीट आणि बुजरा एकत्र आले की खरी अडचण होते. धीट कुत्र्याला वाटते खेळ रंगलाय. बुजऱ्याची शेपूट मात्र पायांत गेलेली असते. घरच्या कुत्र्यांबाबत हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. दांडगट कुत्र्याला पट्ट्याला धरून क्षणभर बाजूला घ्या. दुसरे कुत्रे आपण होऊन परत आले, तर खेळ दोघांचा. ते कोपऱ्यात जाऊन बसले, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवा. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर मात्र हा प्रयोग करू नका. रेबीजचा धोका असतो. त्यांचे खेळ दुरूनच पाहावेत, आणि कोण बोलावतो, कोण पळतो, कोण खाली पडतो, हे वहीत टिपावे.