इंजिन नंतर, आधी ग्लायडर : मारेगावच्या वावरात आपलं पहिलं रेडिओ कंट्रोल विमान

आजच्या भागात मापं बरीच आहेत, म्हणून गाडीवर असाल तर नुसतं ऐका आणि घरी गेल्यावर हा मजकूर उघडा.

सुरुवात एका दुःखद घटनेने करतो. ऑगस्ट 2021. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. पत्र्याचं, वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणी सुरू असताना मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही. व्हिडिओ फिरले, लोक हळहळले. मला मात्र एकच गोष्ट अजून टोचते. एवढी जिद्द असलेल्या पोराला चुका करायला एखादी स्वस्त, बिनधोक जागा का मिळाली नाही?

अशी जागा आहे. तिचं नाव ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. राईट बंधूंनीसुद्धा इंजिन 1903 मध्ये लावलं. त्याआधी 1900, 1901 आणि 1902 अशी तीन वर्षं ते ग्लायडरवरच शिकत होते. पहिलं ग्लायडर तर त्यांनी बरेचदा दोरीला बांधून पतंगासारखं उडवून पाहिलं. आधी तोल, मग ताबा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मारेगावला येऊ. इथे जागेची कमी नाही, पण वावर बघून निवडा. पऱ्हाटी उभी असेल तर पंखाची चाळणी होईल. सोयाबीनची धसकटंही टोचतात. वखरून सपाट झालेलं, ढेकळं फुटलेलं वावर सगळ्यात बरं. मालकाला विचारा आणि विजेच्या तारांपासून लांब रहा. विमान तारेत अडकलं तर बांबूने काढायला जायचं नाही. ते विमान गेलं असं समजायचं.

पंख. 5 मिलिमीटरची हलकी फोम शीट घ्या. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 100 सेंटिमीटर, रुंदी 16. शीट दुमडून पंखाला वरून फुगीर आकार द्या आणि आत पतंगाला असते तशी बांबूची कामटी घाला, नाहीतर पंख मधोमध मोडेल. दोन्ही टोकं मध्यापेक्षा 5 सेंटिमीटर उंच ठेवा. हा इंग्रजी ‘व्ही’ फार कामाचा आहे. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं, आणि मग खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळून विमान आपोआप सरळ होऊ पाहतं.

शेपूट. आडवी शेपटी 36 बाय 9 सेंटिमीटर, म्हणजे पंखाच्या क्षेत्रफळाच्या साधारण पाचवा भाग. पंख धडाला चिकटवू नका, रबर बँडने बांधा. विमान आपटलं तर पंख निसटेल, मोडणार नाही. आणि हो, फेव्हिक्विक वापरू नका, फोम वितळतो. ग्लू गन चालेल, पण फार तापू देऊ नका.

तोल. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 सेंटिमीटरवर आला पाहिजे. बॅटरी, रिसीव्हर, दोन्ही सर्व्हो असं सगळं सामान जागेवर बसवा, पंखाखाली त्या रेषेवर दोन बोटं लावा आणि उचला. शेपूट खाली गेली तर नाकात वजन घाला.

आता पहिली फेक. संध्याकाळी वारा पडल्यावर जा. वाऱ्याकडे तोंड करा, विमान खांद्याच्या उंचीवर धरा, नाक अगदी थोडं खाली ठेवा आणि भाल्यासारखं सरळ सोडा. वर फेकू नका, सगळे नवशिके तिथेच चुकतात. विमान नाक वर करून थबकलं आणि मग खाली आपटलं तर नाकात वजन वाढवा. सरळ जमिनीत घुसलं तर वजन थोडं काढा. दहा-बारा मीटर सरळ तरंगत जाईपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही. इथे चूक झाली तर नुकसान किती? फार तर एक फोम शीट.

रेडिओ. आपल्याला दोनच गोष्टी हलवायच्या आहेत, उभ्या शेपटीचा रडर आणि आडव्या शेपटीचा एलिव्हेटर. आधी रिमोट चालू, मग विमान. बंद करताना उलट. विमानाच्या मागे उभं राहून तपासा. काडी उजवीकडे नेली की रडर उजवीकडे वळला पाहिजे, काडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उचलला पाहिजे. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं आणि भलेभले गोंधळतात. त्यावर साधी युक्ती अशी की जो पंख खाली गेलेला दिसतो, काडी त्याच बाजूला ढकलायची.

कायद्याचंही बघून घ्या. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ वर्गात येतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. म्हणून बांधताना वजनकाटा जवळ ठेवा. डिजिटल स्कायच्या नकाशात आपलं वावर हिरव्या क्षेत्रात आहे ना, तेही तपासा. तिथे मर्यादा 400 फुटांची आहे.

हात बसला की मग खरी मजा. काळी माती उन्हात लवकर तापते, शेजारचं ओलिताचं हिरवं वावर मात्र थंड राहतं. तापलेली हवा वर उठते. पंख न हलवता घार गोल गोल वर जाते ती याच हवेवर. तुमचं ग्लायडर दर सेकंदाला अर्धा मीटर खाली येत असेल आणि हवा एक मीटरने वर चढत असेल, तर विमान अर्धा मीटर वर जाईल. इंजिन नाही, पेट्रोल नाही! म्हणून घार दिसली की तिच्याखाली जाऊन हळूहळू घिरट्या घाला. फक्त भर दुपारी हवा उसळते, तेव्हा हे काम सकाळी दहाच्या सुमारास करा.

फुलसावंगीच्या त्या पोराचं स्वप्न चुकीचं नव्हतं. तुमचंही नाही. इंजिन लावायचा दिवस येईल. त्याआधी पन्नास वेळा आपटू द्या, पण जे आपटेल ते फोमचं असू द्या आणि तुम्ही धुऱ्यावर उभे असा.

भेटू पुढच्या भागात. तोवर दोन बोटांवर तोल साधून ठेवा!